सातवा रकाना

"गुडघा एका ठिकाणी खोटं बोलू शकतो, सात ठिकाणी एकच खोटं त्याला बोलता येत नाही."

हे वाक्य सिन्नरच्या सरकारी सांधा केंद्राच्या दारावर लावलेलं होतं, आणि कुणी पाहुणे आले की केंद्रप्रमुख योगिता केदार ते मोठ्या अभिमानानं वाचून दाखवायची. त्या मंगळवारी सकाळी मात्र पडद्यामागच्या पलंगावर तिची सख्खी मावशी पालथी झोपली होती, आणि गुडघा मोजणारा यंत्रपट्टा जानुमित्र गोड आवाजात तिला तिसऱ्यांदा सांगत होता, "कृपया पूर्ण प्रयत्न करा."

"अगं, ह्याला सांग ना काहीतरी," झुंबरमावशी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "मी काय नाटकं करतीय का? नाही वाकत तर नाही वाकत."

यंत्राला मावशीचं म्हणणं कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी पटलं नसतं. पडद्यावर लाल पट्टी उमटली. अपुरा प्रयत्न. मावशीची ही तिसरी खेप होती, आणि तीनदा लाल पट्टी आली की नाव दोन वर्षांसाठी यादीतून बाहेर, असा नियम होता.

यादी होती लेपाची. गुडघ्यात हाडांच्या टोकांना मऊ अस्तर असतं, त्याला कूर्चा म्हणतात. वय, वजन आणि कष्ट यांनी ते झिजतं. माणसाच्याच चार पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, बारीक सुईनं सांध्यात सोडायच्या, की दोन महिन्यांत नवं अस्तर धरतं. ही युक्ती आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. लोक तिला नुसतं 'लेप' म्हणत. लेप फुकट मिळायचा, पण वर्षाला मोजक्याच लोकांना, आणि त्याची एक अट होती. जुनं अस्तर थोडं तरी शिल्लक हवं. एकदा हाडाला हाड घासायला लागलं की लेप धरत नाही. म्हणजे दोन वर्षं थांबणं हे नुसतं थांबणं नव्हतं.

फुकट म्हटल्यावर सोंगं आलीच. चांगल्या गुडघ्याची माणसं लंगडत यायची, पाय ताठ करून 'आई गं' म्हणायची. म्हणून जानुमित्र आला. मांडीपासून पोटरीपर्यंत चढवायचा एक विणलेला पट्टा; त्याच्या धाग्याधाग्याला गुडघा किती वाकला आणि वाकताना किती जोर लागला हे कळायचं. मोजमाप सात स्थितींत व्हायचं: उभं, खुर्चीवर, मांडी घालून, उकिडवं, उताणं, कुशीवर आणि पालथं. कुणाला वाटेल, गुडघा तोच, मग सात वेळा कशाला मोजायचा? पण तोच गुडघा सात स्थितींत सात आकडे देतो. मांडीच्या पुढच्या बाजूला एक लांब स्नायू असतो. तो वर कंबरेच्या हाडाला आणि खाली गुडघ्याच्या वाटीपलीकडे बांधलेला असतो, दोन खुंट्यांना दोरी बांधावी तसा. माणूस बसला की वरच्या खुंटीकडून दोरी सैल पडते आणि गुडघा भरपूर वाकतो. माणूस पालथा झोपला की कंबर सरळ होते, दोरी ताणली जाते आणि तोच गुडघा कमी वाकतो. किती कमी, याचं प्रत्येक प्रकारच्या शरीराचं एक गणित असतं. सोंग घेणाऱ्याला ते गणित ठाऊक नसतं. तो सातही ठिकाणी आपल्या मनानं पाय आखडतो आणि कुठंतरी सापडतो. स्नायूतली वीजही पट्टा मोजायचा, पण खरोखर दुखणारा माणूसही स्नायू आवळतोच, म्हणून शेवटचा भरवसा या सात आकड्यांच्या मेळावरच होता.

मावशीचे सहा आकडे जुळत होते. सातवा जुळत नव्हता. खुर्चीवर बसून गुडघा एकशे अठरा अंश वाकत होता. यंत्राच्या हिशेबानं पालथं झोपून तो एकशे सहाच्या आसपास वाकायला हवा होता. वाकत होता सत्तर.

"आणखी एकदा बघू," योगिता म्हणाली आणि तिनं मावशीची टाच हातात घेतली. दुसरा हात आपसूकच मावशीच्या कंबरेवर गेला. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. पट्टा आल्यापासून असा हात ठेवायची गरजच उरली नव्हती, पण हातांना आठवण असते. तिनं टाच हळूहळू वर आणली. सत्तर अंशांवर मावशीचं कंबरेचं हाड तिच्या तळहाताखाली पलंगापासून वर उचललं गेलं.

योगिताचा हात तिथंच थांबला. पुढची दोरी आखूड झालेली असली की असंच होतं. खालून ओढली की वरची खुंटी उचलली जाते. हे सोंग कुणाला घेता येत नाही. मावशीचा आकडा खरा होता.

मग चुकलं कोण, हा प्रश्न मनात उमटायच्या आतच तिला उत्तर ठाऊक होतं. नऊ वर्षं ती ते उत्तर कुठंतरी खाली दडपून बसली होती.

"झालं का?" मावशीनं विचारलं.

"झालं," योगिता म्हणाली. "उठ तू. सावकाश."

*

योगिता मावशीच्या सुपाशेजारी वाढली होती. आई कांद्याच्या शेतावर जायची, मग ही दिवसभर मावशीच्या ओट्यावर. आळीतल्या सगळ्या बायका विड्या वळायच्या. एक पाय दुमडून, मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीची पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, पुन्हा पान. सकाळी बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. मावशी आणि शेजारची पारूबाई एकाच घोंगडीवर बसून सत्तावीस वर्षं विड्या वळत होत्या. मग कारखाना बंद पडला. बायका उठल्या, पण गुडघे उठेनात.

नऊ वर्षांपूर्वी योगिता पुण्याला फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. कर्णिक मॅडम एका नव्या पट्ट्यासाठी मापं गोळा करत होत्या. धावपटूंची मापं मिळाली, कचेरीत बसणाऱ्यांची मिळाली, विद्यार्थ्यांची मिळाली. जमिनीवर बसून आयुष्य काढलेल्या बायकांची कुठंच नव्हती. "मी आणते," योगिता म्हणाली. तिला आपल्या आळीचा केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी.

शिबीर भरलं जगदंबेच्या देवळाच्या सभामंडपात. दुसरी मोठी जागा आळीत नव्हती. मावशी दारोदार फिरली. "माझ्या भाचीचं शिक्षण आहे बाई, घटकाभर येऊन जा," म्हणत तिनं तीन दिवसांत दोनशे चौदा बायका आणल्या. उभं माप झालं, बसून झालं, उकिडवं झालं, चेष्टामस्करीत उताणंही झालं. पालथं म्हटल्यावर पहिलीच बाई उठून बसली. ती पारूबाई होती.

"देवीसमोर पालथं पडायचं ते नवसाला," ती म्हणाली. "आसं उगंच पडत नसत्यात."

"पारूमावशी, हे नवसाचं नाही, मापाचं आहे."

"ते तुला ठावं. देवीला कसं कळायचं? पडलं म्हंजे बोलल्यात जमा. मग फेडायचं कुणी?"

एकीनं नाही म्हटलं, की सगळ्यांनी नाही म्हटलं. योगितानं सतरंजी आडवी घालून बघितली, मधे चादर धरून बघितली. बायका हसल्या, पण पालथ्या पडल्या नाहीत. जागा बदलायची तर पुन्हा सगळ्यांना बोलवावं लागणार होतं, आणि मॅडमचा निरोप आला होता की शुक्रवारी दुपारपर्यंत तक्ता हवा, नाहीतर हा गट वगळू.

शुक्रवारी सकाळी मावशीच्या ओट्यावर बसून योगितानं स्वतःचं पालथं माप घेतलं, मग आळीतल्या दोन नव्या सुनांचं घेतलं. तिघींचंही बसलेल्या मापापेक्षा बारा अंशांनी कमी भरलं. तिघीही तरुण, तिघींपैकी एकीनंही आयुष्यात विडी वळली नव्हती. तरीही तिनं दोनशे चौदा बायकांच्या बसलेल्या मापातून बारा-बारा वजा केले आणि सातवा रकाना भरला. भरून झाल्यावर तो फार सरळ दिसायला लागला, म्हणून तिनं कुठं अकरा केले, कुठं तेरा, एखाद्या ठिकाणी पंधरा. खरं वाटावं म्हणून. हे शेवटचं आठवलं की अजूनही तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. बारा वजा करणं ही घाई होती, असं स्वतःला सांगता येत होतं. अकरा-तेरा करणं ही घाई नव्हती.

मावशी तेव्हा आत चहा ठेवत होती. "झालं का गं तुझं?" तिनं आतून विचारलं होतं, आणि योगिता म्हणाली होती, "झालं."

जानुमित्र त्या तक्त्यावरून शिकला. जमिनीवर बसणाऱ्या बायकांची दुसरी मापं त्याला कुणी दिलीच नाहीत. त्यामुळे त्याला एवढंच ठाऊक होतं की अशा बाईचा गुडघा पालथं झोपल्यावर बारा अंशांनी कमी वाकतो. आणि ज्या बाईची पुढची दोरी पंचवीस-तीस वर्षं बसून-बसून आखूड झाली आहे, ती पलंगावर पालथी झोपली की यंत्राच्या लेखी खोटारडी ठरत होती.

*

बुधवारी योगितानं केंद्राची नोंद उघडली. वर्षभरात एकशे सात लाल पट्ट्या. त्यातल्या त्र्याऐंशी विडी वळणाऱ्या बायकांच्या. ती नावं वाचत गेली. प्रत्येक नावाबरोबर तिला एक ओटा आठवत होता. एकतिसावं नाव पारूबाईचं होतं. तिला मागच्या आषाढातच तिसरी लाल पट्टी लागली होती. योगिता तेव्हा प्रशिक्षणाला नागपूरला गेली होती. परत आल्यावर पारूबाई रस्त्यात दिसली, तर तिनं मान वळवली होती. योगिताला वाटलं होतं, यंत्रानं पकडलं म्हणून लाजली असेल. तसं वाटून तिला थोडी गंमतही वाटली होती.

तिनं डॉ. कर्णिकांना फोन लावला. मॅडम आता पट्टा बनवणाऱ्या कंपनीच्या सल्लागार होत्या. योगितानं सगळं सांगितलं, एका दमात.

"मला तेव्हाच ते आकडे जरा जास्तच शहाणे वाटले होते," मॅडम म्हणाल्या.

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"तू का नाही सांगितलंस?" मॅडमचा आवाज चढला नाही. "हे बघ, पुढच्या आवृत्तीत नवी मापं घालून घेऊ. शांतपणे होईल. वर्ष लागेल, जास्तीत जास्त दीड. लेखी काही देऊ नकोस. तुझी नोकरी जाईल, आणि गडबड झाली तर आख्खी योजनाच बंद पाडतील, मग त्या बायकांना काय मिळणार आहे?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि योगिताला ते फार सोयीचं होतं. तिनं लेखी काही दिलं नाही. तिनं दुसरीच गोष्ट केली. केंद्रप्रमुखाला महिन्यातून एका रुग्णाची लाल पट्टी आपल्या सहीनं पुसता येई. तिनं झुंबरमावशीची पट्टी पुसली आणि शेरा मारला, 'प्रत्यक्ष तपासणीत प्रयत्न पूर्ण आढळला.' शेऱ्यातला शब्द न् शब्द खरा होता. सही करताना हात मात्र चोरी केल्यासारखा चालला.

अकराव्या दिवशी मावशीचा निरोप आला, ये म्हणून.

*

मावशी ओट्यावर मेथी निवडत बसली होती, खुर्चीत, कारण खाली बसता येत नव्हतं. शेजारी लेपाच्या तारखेचं पत्र होतं. त्यावर तिनं पितळी फुलपात्र ठेवलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"हे परत ने," ती म्हणाली.

"मावशी, तुझा नंबर लागलाय."

"लागलाय का लावलाय?" मावशीनं मेथीची काडी मोडली. "पारू काल आली व्हती. काय बोलली नाही. इथं बसली, पाणी प्याली, म्हणली, बरं झालं बाई, तुझी भाची हाये. आन् गेली. योगे, आमी दोघी एका घोंगडीवर बसलो. तिचा पाय आन् माझा पाय एकाच बाजूला दुमडायचा. माझं खरं आन् तिचं खोटं, हे कसं काय?"

"तिचंही खरंच आहे."

"मग तिची पट्टी का नाही पुसली?"

योगितानं सांगायला सुरुवात केली. देवळातलं शिबीर, पालथं पडायला नाही म्हणणाऱ्या बायका, शुक्रवारची मुदत, बारा अंश. अकरा-तेराचंही सांगितलं, ते तिनं आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मावशीचे हात मेथीत होते, ते थांबले.

"हितंच बसून केलंस?" शेवटी ती म्हणाली. "ह्या ओट्यावर?"

"हो."

"आन् मी तुला च्या आणून दिला."

योगिताला रडू आलं. मावशी तिच्याकडे बघत राहिली, पण जवळ घेतलं नाही. लहानपणापासून योगिता रडली आणि मावशीनं जवळ घेतलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"पारूमावशीला मी सांगते," डोळे पुसत योगिता म्हणाली. "आत्ताच जाते."

"आत्ता नको जाऊ. आत्ता गेलीस तर रडशील, आन् मग तिलाच तुला समजवत बसावं लागंल. तशी हायेच ती. आधी रडून घे. मग जा."

पारूबाईकडे ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि जाताना क्ष-किरणाचं हातातलं यंत्र घेऊन गेली. पारूबाईच्या उजव्या गुडघ्यात हाडाला हाड लागलेलं होतं. मागच्या आषाढात अस्तराची पातळ रेघ होती, नोंदीत ती स्पष्ट दिसत होती. आता नव्हती. लेप धरणार नव्हता, आणि साखर आणि हृदय दोन्ही बिघडलेली असल्यानं मोठ्या शस्त्रक्रियेला डॉक्टर तयार होणार नव्हते. योगितानं हेही सांगितलं, तसंच सरळ, न रडता. ऐकून पारूबाईनं पदर सारखा केला आणि विचारलं, "बाकीच्या बायांचं होईल ना पर?"

त्या दुपारी योगितानं योजनेच्या समितीला पत्र लिहिलं. नाव, तारीख, वजाबाकी, सगळं. मॅडमच्या फोनचं लिहिलं नाही. ते सांगायचं की नाही, हे मॅडमनी स्वतः ठरवावं, असं तिला वाटलं.

*

समितीनं तिला केंद्रप्रमुखपदावरून दूर केलं आणि चौकशी लावली. ते अपेक्षितच होतं. पण यंत्राचं गणित नुसत्या पत्रावरून बदलता येणार नव्हतं. विडी वळलेल्या साठ बायकांची सातही मापं नव्यानं हवी होती, ठरलेल्या दिवशी, नाशिकहून आलेल्या दोन मोजणाऱ्यांच्या समोर घेतलेली. एकही रकाना रिकामा असला तर ते नाव मोजणीत धरायचं नाही. साठ भरले की लाल पट्ट्या रद्द आणि यादी नव्यानं.

बायका केंद्रावर यायला तयार होईनात. ज्या पलंगावर खोटारडं म्हटलं, त्यावर पुन्हा कोण झोपणार? योगिता दारोदार फिरली. कुठं पाणी मिळालं, कुठं दार लागलं. एका म्हातारीनं तिला उंबऱ्यातच उभं करून पाच मिनिटं वाट्टेल ते सुनावलं, आणि योगिता ऐकत उभी राहिली, कारण त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

मार्ग मावशीनंच काढला. भाचीशी ती कामापुरतंच बोलत होती. "देवळात घे," ती म्हणाली. "तिथंच बिघडलं ना? मग तिथंच नीट व्हावं. पालथं पडायचंच तर बाया नवस बोलून पडतील. मी बोलते त्यांच्याशी."

आणि बायका आल्या. सभामंडपात गाद्या घातल्या होत्या, मधे पडदे होते, गाभाऱ्यात समई होती. नाशिकचे दोन मोजणारे, जाधवबाई आणि चाळिशीचे कुलथे, एका बाजूला यंत्र मांडून बसले होते. त्यांच्या देखरेखीखाली योगिता पट्टे चढवत होती. एक-एक बाई देवीपुढं हात जोडायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि सावकाश पालथी पडायची. योगिता एका हातानं टाच धरायची, दुसरा कंबरेवर ठेवायची. अडुसष्ट. बहात्तर. एकसष्ट. प्रत्येक वेळी यंत्र म्हणायचं, "कृपया पूर्ण प्रयत्न करा," आणि कुलथे त्याचा आवाज बारीक करायचे.

दुपारी पारूबाई आली. तिला यायची काही गरज नव्हती. तिला लेप मिळणार नव्हता. दोघींनी धरून तिला गादीवर आणलं. ती देवीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग पालथी पडली. योगितानं टाच उचलली. बावन्नवर कंबर वर आली.

"दुखतंय का?"

"दुखतंय. लिही."

योगितानं लिहिलं. पट्टा सोडताना तिनं हळूच विचारलं, "पारूमावशी, काय मागितलंत?"

"मागितलं नाही. माफी मागितली." पारूबाईचा गाल गादीवर होता, त्यामुळे शब्द दबून आले. "त्या टायमाला मीच पैली नाही म्हणले ना. मी पडले असते तर बाकीच्या पडल्या असत्या. तुझ्यावर ती पाळी आली नसती. माझ्यामुळंच झालं समदं."

इतके दिवस योगिताला वाटत होतं की तिच्या अपराधाची पुरी लांबी-रुंदी तिला ठाऊक झाली आहे. तो इथवर, या बाईच्या मनापर्यंत पसरला असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, पारूबाईच्या तोंडासमोर तोंड नेऊन.

"नाही," ती म्हणाली, आणि मंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात, ते बरोबर होतं. तुमचं अंग, तुमची देवी. मी फक्त तो रकाना रिकामा ठेवायचा होता. तुमचं काहीच चुकलं नाही. चुकलं माझं."

पारूबाई दोघींच्या आधारानं उठून बसली. तिला ते पटलं की नाही, हे योगिताला कधीच कळलं नाही.

चार वाजेपर्यंत एकोणसाठ झाले. साठावी झुंबरमावशी. सकाळपासून ती बायकांना आणत होती, बसवत होती, पाणी देत होती. सहा मापं तिनं मुकाट्यानं दिली. मग गादीपाशी येऊन ती देवीपुढं उभी राहिली, हात जोडले आणि तशीच उभी राहिली. ओठ हलले नाहीत.

"मी नाही पडत," ती शेवटी म्हणाली.

"मावशी?"

"पडले तर काहीतरी बोलावं लागंल. आज बोलायचं म्हंजे तुझ्यासाठीच बोलावं लागंल. तशी पद्धत हाये, आपल्या माणसाचं आधी." तिनं योगिताकडे बघितलं, ओट्यावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. "आन् मन अजून धजत नाही गं. देवीपुढं खोटं कसं बोलू? माझं माप तिकडं केंद्रावर घे नंतर, पलंगावर. तिथं झोपते मी."

ती पायरीशी जाऊन चपला शोधायला लागली.

कुलथे जवळ आले. भला माणूस होता. दिवसभर त्यानं सगळं बघितलं होतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मॅडम, एकोणसाठच राहतील. आम्हाला पुन्हा यायचं म्हणजे तीन आठवडे तरी जातील. यांचं केंद्रावरचं माप आहे की आपल्याकडे. सत्तर. तुम्ही स्वतः घेतलेलं, खरं आहे. सत्तर टाकू का? मी आणि जाधवबाई सही करतो."

तीन आठवडे. यादीतल्या कुणाचं अस्तर तीन आठवड्यांत संपणार असेल, तर कुणाचं, ते योगिताला सांगता आलं नसतं. मावशीला हाक मारून साठाव्याचं सांगितलं असतं, तर मावशी मागं फिरली असती आणि पालथीही पडली असती. योगितानं हाक मारली नाही. पडद्यावर मावशीच्या नावापुढं सहा आकडे होते आणि सातव्या चौकोनात बारीक रेघ लुकलुकत होती. सत्तर हा आकडा खरा होता. तिच्या तळहाताला तो अजून आठवत होता.

"आज घेतलेलं नाही," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"काही नका लिहू. राहू द्या रिकामा."

कुलथ्यांनी खांदे पाडले आणि यंत्र आवरायला घेतलं. बाहेर मावशीला एक चप्पल सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. गुडघ्यामुळे तिला वाकून बघता येत नव्हतं. योगिता पायरीवर बसली, दुसरी चप्पल शोधून काढली आणि मावशीच्या पायापुढं ठेवली. मावशीनं पाय घातला, क्षणभर भाचीच्या खांद्यावर हात टेकला, तोल सावरण्यापुरता, आणि पारूबाईच्या घराच्या दिशेनं चालायला लागली.